पाच नंबरची आई

“सिस्टर, पाच नंबरवाली दूध बेसिनात ओतून देतीय. मी माझ्या डोळ्यानं बघितलं.”

गयाबाई मावशी माझ्या कानाशी लागून हे बोलली. तिच्या हातातलं फरशी पुसायचं फडकं तसंच टपटपत होतं. मी बाळांच्या वजनाचं रजिस्टर उघडून बसले होते आणि माझं बोट पाच नंबरच्याच ओळीवर होतं, कारण दोन दिवसांपासून तीच ओळ मला छळत होती. सतराशे वीस. सतराशे पंचवीस. सतराशे दहा. सतराशे. चार दिवसांत शंभर ग्रॅम वाढायचे सोडून उलटे वीस घटलेले.

“किती ओतलं?”

“अर्धी वाटी तरी आसंल. वरून नळ सोडला. आन् मी दिसल्यावर पदरानं तोंड पुसलं, जसं काही झालंच न्हाई.”

“कुणाशी बोलू नकोस,” मी म्हटलं. “आता मी बघते.”

मी सुनंदा उजागरे. सरकारी दवाखान्यांत चौतीस वर्षं नर्स होते, त्यातली शेवटची चौदा नवजात बाळांच्या विभागात. ही गोष्ट घडली तेव्हा मला त्या विभागात सहा-सात वर्षं झाली होती. म्हणजे आता आपल्याला सगळं कळतं असं वाटायला लागतं, तेव्हाची.

आमच्याकडे बाळांसाठी पायऱ्या होत्या. धडधाकट बाळ आईच्या खाटेवरच राहायचं. कमी दिवसांचं, कमी वजनाचं, धाप लागलेलं बाळ काचेच्या खोलीत जायचं. तिथं उबेच्या पेट्या, ऑक्सिजन, सलाईन. आईला सकाळ-संध्याकाळ वीस-वीस मिनिटं आत सोडायचो, तीही गाऊन घालून. बाळ सावरलं की मधल्या खोलीत. तिथं सहा खाटा. आईनं बाळाला उघड्या छातीशी बांधून ठेवायचं, दर दोन तासांनी पाजायचं, वजन वाढत राहिलं की घरी. आणि आमच्या काचेच्या खोलीच्याही वरची पायरी म्हणजे शहरातलं मोठं हॉस्पिटल. श्वासाची मशिनं, हृदयाचे डॉक्टर, सगळं तिथं. गाडीनं तीन तास.

पाच नंबरच्या खाटेवर शिवकन्या डोईफोडे होती. वय चोविसेक, अंगानं किरकोळ, सातवी शिकलेली. नवरा ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. सोबत सासू. मुलगी साडेसाताव्या महिन्यातच जन्मलेली, आणि घरी आधीच्या दोन मुली. बारा दिवस ही बाई काचेच्या खोलीबाहेरच्या फरशीवर बसून होती. तेराव्या दिवशी आम्ही बाळ तिच्या छातीशी बांधलं तेव्हा तिनं श्वाससुद्धा हळू घेतला होता.

त्याच वेळी मी तिला बजावलं होतं, “रोज वीस-पंचवीस ग्रॅम वाढलं पाहिजे. नाही वाढलं तर परत काचेत नेईन.”

हे मी प्रत्येकीला म्हणायचे. धाक असला की बायका नीट पाजतात, असा माझा अनुभव होता.

दुसराही एक अनुभव होता. चार वर्षांपूर्वी अशीच एक तिसरी मुलगी आम्ही चांगली दोन किलोची करून घरी पाठवली. पंधरा दिवसांनी ती परत आली, वाळून काडी झालेली. आणि आईचं पोलकं पान्ह्यानं ओलं होत होतं. ती मुलगी संध्याकाळपर्यंत राहिली नाही. आई ओक्साबोक्शी रडली. त्या दिवसापासून मी कुणाच्या रडण्यावर जात नव्हते.

गयाबाईनं सांगितल्यावर मी माझं टेबल मधल्या खोलीच्या दाराशी ओढलं. तिथून पाच नंबर सरळ दिसायचा. एकदा बघायचं ठरवलं की किती गोष्टी दिसतात! ती पाजताना भिंतीकडे तोंड करून बसायची. मधून मधून मान वळवून दाराकडे बघायची. वाटीत काढलेलं दूध चोचीच्या बोंडल्यानं पाजायचं असे, आणि ते पाजताना तिचा एक हात सारखा पदरानं बाळाचं कपाळ पुसत असायचा. पाजून झालं की वाटीवर तळवा ठेवून ती स्वतः बेसिनकडे जायची. बाकीच्या बायका वाटी खाटेखाली ठेवून द्यायच्या, मावशी उचलायची.

“किती पिली?” मी जागेवरून विचारायचे.

“समदं पिली सिस्टर. पंचवीस.”

दर वेळी पंचवीस. ना चोवीस, ना वीस. दुसऱ्या बायकांची बाळं कधी अठरा प्यायची, कधी तीस, कधी सगळं ओकून टाकायची. हिचं बाळ मात्र मोजून पंचवीस मिली पीत होतं आणि वाळत होतं.

एकदा ती आपण होऊन माझ्याकडे आली होती. बोट कपाळावर फिरवत म्हणाली, “सिस्टर, पितांना हिला घाम येतो. लई घाम येतो.”

“उन्हाळा आहे. त्यात तू छातीशी बांधलेलं. घाम येणारच.”

“पर हे...”

“घामाचं राहू दे. दुधाचं बघ.”

तिनं मान खाली घातली. मी मनात म्हटलं, बघा, आपल्यावर येतंय असं दिसताच लक्ष दुसरीकडे वळवायचं.

सासूचंही तसंच. दुपारी व्हरांड्यात ती एका बाईशी बोलत होती. मी औषधाच्या कपाटाशी होते, तिला दिसत नव्हते. म्हातारी म्हणाली, “न्यायची आसंल तर न्यावी बाबा देवानं. आसं तिळतिळ कामून मारतो?”

एवढं मला पुरे होतं. पुढे ती काय बोलली ते ऐकायला मी थांबले नाही.

आमच्या बाळांच्या डॉक्टर, काझी मॅडम, त्या आठवड्यात प्रशिक्षणाला पुण्याला गेल्या होत्या. त्यांच्या जागी आलेल्या डॉक्टरांकडे बाळं होती, मोठ्यांचा वॉर्ड होता आणि अपघाताचे पेशंटही होते. ते पाच नंबरपाशी आले. वजनाचा कागद बघून कपाळाला आठ्या घातल्या. गळ्यातली नळी कानाला लावून बाळाच्या छातीवर ठेवायला वाकले.

मी हळूच म्हटलं, “सर, यात दुसरं काही नाही. आई पाजत नाही. दूध टाकून देते, मावशीनं पाहिलंय. तिसरी मुलगी आहे.”

त्यांनी शिवकन्याकडे पाहिलं. मग कानातली नळी काढली.

“असं होय,” ते म्हणाले. “लक्ष ठेवा. कागदावर नोंद करून ठेवा.”

मी नोंद केली. ‘आई मुद्दाम दूध पाजत नसल्याचा संशय. दूध टाकून देताना आढळली.’ खाली माझी सही. अक्षर माझं चांगलं होतं, पहिल्यापासून.

पुढच्या दिवशी वजन सोळाशे नव्वद भरलं. सकाळी अकराच्या पाजण्याला मी टेबलावरून उठले आणि बेसिनपाशी जाऊन उभी राहिले. ती वाटीवर तळवा ठेवून आली. मला बघून जागच्या जागी थांबली. मी तिचं मनगट धरलं आणि हात बाजूला केला. वाटीत अर्ध्याहून जास्त दूध होतं.

“किती पिली?”

“पंचवीस.”

“आणि हे काय आहे?”

खोलीतल्या बाकीच्या पाच बाया पाजायचं थांबवून बघत होत्या.

“बोल ना. आता का गप्प? रोज मला पंचवीस सांगतेस आणि इथं येऊन ओततेस. घरी दोन आहेत म्हणून ही नकोय का तुला?”

तिचा चेहरा असा झाला की जणू मी मराठीत बोललेच नव्हते. मग हळूहळू तिला अर्थ लागत गेला, आणि तो लागताना मला दिसत होता.

“सिस्टर,” ती म्हणाली, “आसं नका बोलू.”

“बाहेर जाऊन बस. आता मी पाजते. माझ्या हातानं पिते का नाही ते बघू.”

मी बाळ तिच्या छातीवरून सोडवलं. ती दारापर्यंत गेली, चौकटीला धरून उभी राहिली. मी खुर्चीवर बसले, बाळ मांडीवर तिरकं धरलं, बोंडलं त्याच्या ओठाला लावलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, “बघा, कशी पिते.”

आणि ती प्यायला लागली. भुकेजल्या बाळासारखी, अधाशीपणानं. मी विजयानं दाराकडे पाहिलंसुद्धा.

आठ-दहा मिली गेले असतील. ती थांबली. तोंड उघडं राहिलं, दूध ओठाच्या कोपऱ्यातून गळायला लागलं. नाकपुड्या फुलल्या. मी थांबून पुन्हा बोंडलं लावलं. दोन घोट, आणि पुन्हा थांबली. डोक्यावर पंखा फिरत होता, बाळ उघडं होतं, छातीशी बांधलेलं नव्हतं. तरी तिच्या कपाळावर बारीक बारीक थेंब उभे राहिले. वरच्या ओठावरही. एक थेंब कानशिलावरून ओघळून माझ्या मनगटावर पडला. तो गार होता.

मी बोंडलं खाली ठेवलं. घड्याळ बघून श्वास मोजले. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर, साठाच्या आत हवे होते. बरगड्यांखालची कातडी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. सव्वीस वर्षांच्या नोकरीत अशी चार बाळं मी पाहिली होती. पिताना घाम, पिताना धाप, वाढत नसलेलं वजन. हे दुधाचं दुखणं नसतं. हे काळजाचं दुखणं असतं. नर्सिंगच्या शाळेत शिकणाऱ्या मुलीलाही ते ठाऊक असतं.

दारातून शिवकन्या म्हणाली, “आसंच करती ती. जरा पिली की दमती. मंग मी थांबते. मंग ती झोपती. उठवली तरी पीत न्हाई.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं व्हतं की.”

मी खाली मान घातली. ती पुढे बोलली, आवाज न चढवता. “आन् दूद उरलं म्हणून सांगितलं आसतं तर तुम्ही हिला काचेत नेली आसती. मला ईस मिन्टं भेटली आसती. म्या म्हणलं, माझ्यापाशी राहिली तर हळूहळू पिईल.”

काझी मॅडम त्याच दिवशी सकाळी पुण्याहून आल्या होत्या. मी गयाबाईला पळवलं. मॅडम जेवणाचा डबा तसाच टाकून आल्या. बाळाच्या छातीवर नळी ठेवली आणि बराच वेळ ऐकत राहिल्या. मग बोटांनी पोट चाचपलं. उजव्या बाजूला यकृत सुजून बरंच खाली आलं होतं. त्यांनी मला नळी दिली. मी ऐकलं. ठोक्यांच्या मध्ये फाटकं कापड ओढल्यासारखा आवाज येत होता. ऐकायला कुठलीही मोठी विद्या लागत नव्हती. फक्त नळी ठेवायला हवी होती.

“हे किती दिवसांपासून आहे?” मॅडमनी विचारलं.

“आजच लक्षात आलं, मॅडम.”

हे वाक्य माझ्या तोंडून इतकं सहज गेलं की मलाच नवल वाटलं. मी वर पाहिलं. शिवकन्या अजून चौकटीपाशीच होती. तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं. एक शब्द ती बोलली असती तर पुरे होता. पण पाच दिवस पंचवीस-पंचवीस सांगणारीवर कोण विश्वास ठेवणार, हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

“ऑक्सिजन लावा. ॲम्ब्युलन्स बोलवा,” मॅडम म्हणाल्या. “हिला आत्ताच्या आत्ता वर पाठवायचं. सिस्टर, तुम्ही चिठ्ठी लिहा, मी इंजेक्शन काढते.”

मी चिठ्ठी लिहायला बसले. जन्माची तारीख, वजन, काचेच्या खोलीतले बारा दिवस, मग मधल्या खोलीतले. केस पेपरवरून उतरवत गेले. ‘आई मुद्दाम दूध पाजत नसल्याचा संशय’ या ओळीवर आले आणि पेन थांबलं.

ती ओळ गाळता आली असती. पण गाळली तर तिकडचे डॉक्टर विचारणार, पाच दिवस वजन घटत होतं तेव्हा तुम्ही काय करत होता? ती ओळ असली की उत्तर तयार होतं. बाहेर ड्रायव्हर गाडी लावत होता, मॅडम घाई करत होत्या.

मी ओळ उतरवली.

मॅडमनी खाली सही केली, न वाचता. माझ्यावर विश्वास होता त्यांचा.

ॲम्ब्युलन्समध्ये सासू आधी चढली. मी बाळ आत देताना तिनं दोन्ही हात पुढे केले आणि काचेचं भांडं घ्यावं तसं घेतलं. “आय, भिऊ नगं गं,” ती बाळाला म्हणाली. बाळालाच ती आय म्हणत होती. शिवकन्या शेवटी चढली. चपला तिथंच राहिल्या. गयाबाईनं पळत जाऊन त्या आत टाकल्या.

नंतर शहरातून फोनवर कळत राहिलं. हृदयाजवळच्या दोन मोठ्या नळ्यांमधली एक वाट जन्मानंतर मिटायला हवी होती, ती उघडीच राहिली होती. बाळाला श्वासाच्या मशिनवर ठेवावं लागलं. औषधं चालली नाहीत तेव्हा एक लहानसं ऑपरेशन झालं. जगली. काझी मॅडम एवढंच म्हणाल्या, “चार-पाच दिवस आधी पोचली असती तर मशीन लागलं नसतं.” त्यांनी ते सहज म्हटलं. मी रजिस्टरमध्ये रेघा ओढत राहिले.

सात महिन्यांनी, आमच्याकडून गेलेल्या बाळांच्या तपासणीचा दिवस होता. खोलीत दोन टेबलं मांडलेली. एका टेबलाशी नवीन लागलेली सिस्टर, दुसऱ्याशी मी. शिवकन्या आली ती सरळ माझ्यापुढे. कडेवर मुलगी, डोळे टपोरे, हात बारीक, पण जिवंत, चळवळी. माझ्या टेबलावरचा शिक्का घ्यायला वाकणारी.

मला भरून आलं. मी हात पुढे केले. “आण इकडं, बघू दे तरी केवढी झाली.”

तिनं मुलगी दिली नाही. ब्लाऊजमधून प्लास्टिकची पिशवी काढली, त्यातून घडी घातलेला कागद काढला आणि माझ्यापुढे ठेवला. माझ्याच अक्षरातली चिठ्ठी.

“हे वाचून दाखवा,” ती म्हणाली.

“शिवकन्या, अगं...”

“मला वाचता येतं. तुम्ही वाचा.”

मी वाचलं. त्या ओळीवर आल्यावर माझा आवाज उतरला. ती म्हणाली, “मोठ्यानं.”

मी मोठ्यानं वाचलं.

“तिकडच्या डाक्टरनं हे समद्यांम्होरं वाचलं,” ती सांगू लागली. “मला इचारलं, का गं, का मारत व्हतीस पोरीला? मशिनीवरून काढल्यावर समद्या आयांना लेकरं पाजाया दिली. मला न्हाई दिली. नऊ दिवस एक सिस्टर माझ्या हातांकडं बघत बसायची. पोरीला हात लावला तर म्हणायची, थांब, आधी मॅडमला इचारते. माझ्या नवऱ्याला एकट्याला बोलवून इचारलं, बायकू कशी हाय म्हणून. आज पतूर तो पोरीला माझ्यापाशी ठिवून रानात जाताना माघारी वळून बघतो.”

मी पेन उचललं. “मी खोडते ही ओळ. आत्ता खोडते.”

“खोडू नका.” तिनं कागदावर तळवा ठेवला. “तुमी लिवलेलं हाय, ते तसंच राहू द्या. खाली जागा हाय. तिथं लिवा, काय झालं व्हतं ते.”

मी लिहिलं. की आईनं घामाचं सांगितलं होतं. की मी ते ऐकून घेतलं नाही. की डॉक्टरांना मी तपासू दिलं नाही. की त्या दिवशी ‘आजच लक्षात आलं’ हे मी खोटं बोलले. सगळं मिळून पाच ओळी झाल्या. त्या लिहायला मला नोकरीतल्या कुठल्याही कागदापेक्षा जास्त वेळ लागला. खाली सही केली, तारीख घातली.

तिनं कागद स्वतःकडे फिरवला आणि बोट ठेवून एकेक शब्द वाचला. एका ठिकाणी अडली, परत मागे गेली, पुन्हा वाचलं. मग घडी घालून कागद पिशवीत ठेवला.

“नाव काय ठेवलं हिचं?” मी विचारलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. सांगावं की नाही, हे ती ठरवत होती. मग तिनं मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं, माझ्यापासून लांबच्या.

माझ्या टेबलापुढे तेव्हा दुसरं कुणीच नव्हतं. नवीन सिस्टरपुढे सात बायका लेकरं घेऊन रांगेत होत्या. शिवकन्या तिकडे गेली आणि आठवी म्हणून उभी राहिली.